खाद्यपदार्थ विकसित करण्याच्या कामात शिरायचंय? आधी वही, मग सर्टिफिकेट, मग अर्ज

फूड प्रॉडक्ट डेव्हलपमेंटच्या जागेसाठी येणारे बरेचसे अर्ज एकाच साच्यातले असतात. वर "मला स्वयंपाकाची मनापासून आवड आहे", खाली चार-पाच ऑनलाइन कोर्सची सर्टिफिकेटं. मुलाखतीत विचारलं की तुम्ही शेवटचा पदार्थ कोणता बदलून पाहिला, काय बदललं आणि का, तर समोर शांतता. हुशारी कमी पडत नाही, क्रम चुकलेला असतो. या कामात तुमच्याकडे काय मागतात तर लिहून ठेवलेली ट्रायल. ती घरच्या ओट्यावर, नोकरी मिळण्याआधीही करता येते.

पुढचे टप्पे मुंबई-ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्या आणि या क्षेत्रात नव्याने येणाऱ्यांसाठी आहेत. उदाहरण म्हणून सगळीकडे एकच पदार्थ घेतलाय: थालीपीठाचं तयार पीठ, म्हणजे मसाला-मीठ घातलेली भाजणी. पाणी घालून मळा आणि थापा.

## टप्पा 1: नेमकं कोणतं काम हवंय ते ठरवा

"आर अँड डी" (संशोधन आणि विकास) या एका नावाखाली निदान पाच वेगळी कामं येतात. प्रॉडक्ट डेव्हलपमेंटवाला मार्केटिंगकडून आलेल्या ब्रीफवरून (कसा पदार्थ हवा त्याच्या मागणीवरून) पदार्थ बांधतो. फ्लेवर किंवा इन्ग्रेडियंट विकणाऱ्या कंपनीतला अ‍ॅप्लिकेशनवाला आपला माल ग्राहक कंपनीच्या बिस्किटात, सरबतात, शेवेत बसवून दाखवतो. सेन्सरीवाला चव मोजतो. पॅकेजिंगवाला पाउच ठरवतो. रेग्युलेटरीवाला कायदा आणि लेबल सांभाळतो. क्वालिटीचं काम याहून निराळं. तिथे ठरलेला पदार्थ रोज तसाच निघतोय ना, एवढं पाहायचं असतं.

नवख्यांनी अ‍ॅप्लिकेशन लॅबकडे जरूर पाहावं. मोठ्या ब्रँडच्या नावाचं वलय तिथे नसतं, पण वर्षभरात बिस्किटापासून लोणच्यापर्यंत इतक्या प्रकारचे पदार्थ हाताखालून जातात की शिकण्याचा वेग दुप्पट होतो.

तपासा: हव्या त्या कामाच्या दहा जाहिराती वाचा आणि त्यात पुन्हा पुन्हा येणारे शब्द लिहून काढा. त्यातला एखादा शब्द समजत नसेल तर अर्जाची वेळ अजून आलेली नाही.

## टप्पा 2: शिक्षणाची वाट

बारावीला गणित असेल तर माटुंग्याच्या आयसीटीतलं (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) फूड इंजिनिअरिंग अँड टेक्नॉलॉजीचं बी.टेक. हा मुंबईतला सरळ रस्ता. परभणीच्या कृषी विद्यापीठात अन्नतंत्रज्ञानाचं स्वतंत्र महाविद्यालय आहे. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर कुंडली आणि तंजावरची निफ्टेम ही अन्नतंत्रज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे, आणि पदवीनंतर म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्नसंशोधन संस्थेचं एम.एस्सी. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडेफार हलतात, म्हणून त्या वर्षीचं माहितीपत्रक स्वतः वाचा. क्लासवाल्याने सांगितलेल्यावर विसंबू नका.

केमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी किंवा होमसायन्सची पदवी हातात असेल तर वाट बंद झालेली नाही. एसएनडीटी आणि निर्मला निकेतनमधून आलेल्या मुली या क्षेत्रात उत्तम काम करतात. पोषण आणि सेन्सरीत तर इंजिनिअरांपेक्षा सरस. हॉटेल मॅनेजमेंट केलेल्यांना कंपन्यांच्या कलिनरी टीममध्ये जागा असते. तिथे शेफ मूळ चव ठरवतो आणि टेक्नॉलॉजिस्ट ती कारखान्यात टिकवतो. पॅकेजिंगकडे ओढा असेल तर अंधेरीतली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग घराजवळच आहे.

लहान कोर्सपैकी एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं फॉस्टॅक प्रशिक्षण कामाचं. अन्नसुरक्षेची भाषा त्यातून कळते. बाकीची सर्टिफिकेटं गोळा करण्याआधी पुढचे टप्पे करा.

## टप्पा 3: ओट्यावरची प्रयोगशाळा

फार सामान लागत नाही.

- 0.1 ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा. मसाले आणि हळदीसाठी 0.01 ग्रॅमचा छोटा काटा असला तर उत्तम.
- खुपसायचा थर्मामीटर आणि टायमर.
- सरबत, सॉस, जॅम करणार असाल तर रिफ्रॅक्टोमीटर (साखरेचं प्रमाण मोजतो) आणि पीएच मीटर (आंबटपणा मोजतो). पीएच मीटरसोबत 4 आणि 7 ची बफर द्रावणंही घ्या. या ठरलेल्या पीएचच्या द्रावणांनी आधी जुळवून न घेतलेला मीटर खोटंच बोलतो.
- बांधीव वही. सुटे कागद नकोत, मोबाइलमधल्या नोंदी तर नकोतच.

कच्चा माल किराणा दुकानातून पाव-पाव किलो आणला तर दर वेळी वेगळा मिळेल. तुर्भ्याच्या एपीएमसीतून किंवा मशीद बंदरातून एका लॉटमधला, सगळ्या ट्रायलना पुरेल इतका घ्या. आणलेली तारीख आणि दुकान वहीत लिहा.

सावध: पहिला पदार्थ कोरडा, किंवा चांगलाच आंबट किंवा साखरेत मुरलेला निवडा. सोलकढी, ओल्या खोबऱ्याची चटणी, आमटी असे कमी आंबट आणि ओले पदार्थ बाटलीत बंद करून फ्रिजबाहेर ठेवायचे प्रयोग घरी करू नका. पीएच 4.6 च्या वर असलेल्या ओल्या, हवाबंद पदार्थात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम वाढू शकतो आणि त्याच्या विषाला वास नसतो, चवही नसते. अशा पदार्थांसाठी 121 अंशांचं रिटॉर्ट (दाबाखाली निर्जंतुक करणारं यंत्र) आणि ते चालवणारी जाणकार माणसं लागतात. प्रेशर कुकर म्हणजे रिटॉर्ट नव्हे.

## टप्पा 4: आजीची वाटी टक्क्यांत आणा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून जरा थांबून वाचा.

रेसिपीत "दोन वाट्या ज्वारी, मूठभर धने" असतं. फॉर्म्युलेशनमध्ये प्रत्येक घटक शंभरातला किती, एवढंच असतं आणि बेरीज बरोबर 100 येते. उदाहरणासाठी एक सुरुवातीचं सूत्र:

ज्वारी 24, बाजरी 20, तांदूळ 16, हरभरा डाळ 12, गहू 10, उडीद डाळ 8, धने 3, कांदा भुकटी 2.5, मीठ 2, तिखट 1.2, जिरे 1, हळद 0.3.

हे आकडे भाजलेल्या मालाचे की कच्च्या? हा प्रश्न तुम्हाला आपणहून पडला नसेल तर वाक्य पुन्हा वाचा. भाजताना धान्यातलं पाणी उडतं. प्रत्येक धान्याचं किती उडतं ते वेगळं, आणि तुमच्या कढईत, तुमच्या आचेवर किती, ते मोजल्याशिवाय कळणार नाही. म्हणून प्रत्येक धान्य वेगळं भाजा, भाजण्याआधी आणि थंड झाल्यावर वजन करा आणि दोन्ही आकडे लिहा. सूत्र कायम भाजलेल्या वजनावर बांधा.

"खमंग वास येईपर्यंत" हे वहीत चालत नाही. किती ग्रॅम, कोणती कढई, किती मिनिटं, उतरवताना धान्याचं तापमान किती, हे लिहा. थालीपीठ लावतानाही तेच: 100 ग्रॅम पिठाला किती ग्रॅम पाणी, कोमट की गार, मळून किती मिनिटं ठेवलं, गोळा किती ग्रॅमचा, किती जाड थापला. कृती स्थिर नसेल तर पदार्थात दिसलेला फरक सूत्राचा की तव्याचा, हे सांगता येत नाही.

शेवटी कालवणं. हळद शंभरात 0.3 आहे. ती सरळ पाच किलो पिठात टाकून हलवली तर एक थालीपीठ पिवळं निघेल, दुसरं पांढरं. हळद, तिखट, मीठ आधी मूठभर पिठात एकजीव करा, मग दुप्पट पिठात, मग त्याच्या दुप्पट, असं करत उरलेल्यात मिसळा. कारखान्यातल्या रिबन ब्लेंडरलाही असं प्रीमिक्सच द्यावं लागतं.

तपासा: तुमची वही शेजाऱ्याच्या हातात द्या. त्याने एकही प्रश्न न विचारता तोच पदार्थ केला, तर नोंद जमली.

## टप्पा 5: एका वेळी एकच बदल

पहिलं सूत्र म्हणजे कंट्रोल. ते दर वेळी नव्या बदलाशेजारी पुन्हा करायचं. आठवणीतल्या चवीशी तुलना करायची नाही.

समजा ब्रीफ आहे: "पीठ जास्त दिवस खवट होऊ नये." भाजणीत पहिला संशय बाजरीवर. तिच्यात इतर तृणधान्यांच्या मानाने मेद जास्त, आणि दळल्यावर लायपेज हे विकर त्या मेदावर काम करू लागतं. बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं ते यामुळेच. भाजल्याने लायपेज निकामी होतं. पण म्हणून करपेपर्यंत भाजायचं नाही, कारण जास्त उष्णतेने मेदाचं ऑक्सिडेशन वाढू शकतं. मग एका मालिकेत बाजरी कमी, मध्यम, जास्त अशी भाजून पाहा, बाकी सगळं तसंच. दुसऱ्या मालिकेत बाजरी 20 वरून 12 वर आणा आणि ते 8 टक्के ज्वारीला द्या. दोन्ही बदल एकत्र केले तर पीठ टिकेलही, पण कशामुळे टिकलं ते कधीच कळणार नाही.

फसलेल्या ट्रायलची पानं फाडू नका. मुलाखतीत मला ती पानं जास्त बोलकी वाटतात.

## टप्पा 6: चव घरच्यांना विचारू नका

घरचे "छान झालंय" म्हणतात, कारण त्यांना संध्याकाळीही तुमच्यासोबत जेवायचं असतं. सोसायटीतली, ऑफिसातली, पदार्थ कुणी केला हे माहीत नसलेली माणसं जमवा.

आधी प्रश्न ठरवा. फरक कळतो का हा एक प्रश्न आणि आवडतं का हा दुसरा. पहिल्यासाठी ट्रँगल टेस्ट: तीन तुकडे, दोन एकसारखे, एक वेगळा, वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजाने तीनातला एक जण बरोबर येतोच, म्हणून 12 पैकी निदान 8 जणांनी बरोबर ओळखलं तरच फरक खरा धरतात. 24 जण असतील तर 13. दुसऱ्या प्रश्नासाठी नऊ गुणांची हेडॉनिक मोजपट्टी, "अजिबात आवडलं नाही" पासून "खूप आवडलं" पर्यंत. तिथे दहा-बारा लोकांवरून काही ठरवू नका. तो आकडा फक्त दिशा दाखवतो.

नमुन्यांना ए-बी-सी म्हणू नका, "ए" ला आपोआप झुकतं माप मिळतं. 417, 862 असे तीन आकडी कोड द्या. कोणाला कोणता नमुना आधी, ते फिरवत राहा. तुकडे एकाच जाडीचे, एकाच तापमानाचे हवेत, मध्ये साधं पाणी. लोणचं-दही बाजूला ठेवा. त्यांच्यासोबत कोणतंही थालीपीठ चांगलंच लागतं.

सावध: चाखायला देण्याआधी गहू, शेंगदाणे, दूध, सोया यांची अ‍ॅलर्जी आहे का ते विचारा.

## टप्पा 7: टिकवण आणि पाउच एकत्रच तपासा

पदार्थ आधी, पॅकिंग नंतर, हा समज महागात पडतो. कोरड्या पिठाला मुंबईत दोन शत्रू: जुलैतली हवा आणि ऑक्सिजन. कांदा भुकटी हवेतलं पाणी पटकन ओढते आणि पिठाच्या गुठळ्या होतात. पावसाळ्यात उघड्या खिडकीशेजारी तोललेलं पीठ पाउचमध्ये जाण्याआधीच ओलावलेलं असतं.

एकच बॅच तीन प्रकारे भरा: साधी पॉलिथिनची पिशवी, मेटलाइज्ड पाउच (धातूचा पातळ थर दिलेला), घट्ट झाकणाची काचेची बरणी. प्रत्येकाचे पुरेसे छोटे पाउच करा, म्हणजे दर वेळी नवा फोडता येईल. एक संच फ्रीजरमध्ये ठेवा, तो तुलनेसाठी. दर पंधरा दिवसांनी वास, रंग, गुठळ्या, लावलेल्या थालीपिठाची चव आणि पाउचचं वजन नोंदवा. वजन वाढलं म्हणजे पाणी आत शिरलं.

कंपनीत हेच काम उबदार, दमट कपाटात लवकर उरकतात. 38 अंश आणि 90 टक्के आर्द्रता हे आपल्याकडे नेहमीचं जोडपं. तापमान 10 अंशांनी वाढलं की बिघाडाचा वेग साधारण दुप्पट, हा ठोकताळा तुम्हाला ऐकायला मिळेल. तो ठोकताळाच आहे. प्रत्येक पदार्थाचा आकडा वेगळा असतो, आणि बुरशीमुळे बिघडणाऱ्या पदार्थाला तो लावून तारीख छापणं धोक्याचं.

एनएबीएल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत एकदा तरी ओलावा, वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी आणि पेरॉक्साइड व्हॅल्यू (मेद किती खवट होऊ लागलाय त्याचं माप) तपासून घ्या. ओलावा आणि वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत: पहिली म्हणजे एकूण पाणी किती, दुसरी म्हणजे त्यातलं जंतूंना वापरता येईल असं किती मोकळं. जंतू वाढतील की नाही ते दुसरी सांगते: 0.6 च्या खाली काहीच वाढत नाही, बहुतेक जीवाणूंना 0.91 च्या वर लागते. भाजणी नीट भाजली आणि कोरडी भरली तर तिचा प्रश्न जंतूंचा राहत नाही, खवटपणाचा राहतो. आपला पदार्थ सगळ्यात आधी कशाने बिघडेल, याचं उत्तर या टप्प्याअखेर एका वाक्यात देता आलं पाहिजे.

## टप्पा 8: लेबल स्वतः लिहून पाहा

विकायचं नसलं तरी लेबल बनवा. एफएसएसएआयचे लेबलिंगचे 2020 चे नियम आणि वजनमापांचे 2011 चे पॅकबंद वस्तूंचे नियम समोर ठेवा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, शाकाहारी चिन्ह, पोषणतक्ता, निव्वळ वजन, बॅच, तारखा, कमाल किंमत, 14 आकडी परवाना क्रमांकाची जागा. भाजणीत गहू आहे, म्हणजे ग्लुटेनची सूचना आली.

एखादं संरक्षक किंवा रंग घालायचा विचार असेल तर तो "मान्य आहे" एवढं पुरत नाही. कोणत्या प्रकारच्या पदार्थात आणि किती मर्यादेपर्यंत मान्य आहे, ते पाहावं लागतं. सरबतात चालणारं पिठात चालेलच असं नाही.

सावध: ओळखीच्यांना पैसे घेऊन एक पाकीट दिलंत तरी तो व्यवसाय झाला. त्याआधी एफएसएसएआयच्या फॉस्कॉस या ऑनलाइन पोर्टलवर नोंदणी.

## टप्पा 9: खर्च

समजा मिश्रणाचा कच्चा माल किलोला 90 रुपयांना पडला. भाजल्यावर 93 टक्के उरला, दळताना-चाळताना त्यातला 97 टक्के हाती आला. 90 भागिले 0.93 भागिले 0.97, म्हणजे जवळपास 100 रुपये. हे दहा रुपये विसरणारे पुष्कळ. त्यावर पाउच, खोका, मजुरी, वाहतूक, वितरक आणि दुकानदाराचा वाटा, जीएसटी. उलटही करून पाहा: दुकानातल्या तशाच पाकिटाच्या किमतीवरून मागे मागे येत कच्च्या मालाला किती उरतात ते काढा. आकडा पाहून बहुतेकांना पहिल्यांदाच कळतं की कंपन्या एवढा तांदूळ का घालतात.

## टप्पा 10: फाइल, मग अर्ज

आता दोन पानांची फाइल करा. ब्रीफ, शेवटचं सूत्र, काय बदललं, काय दिसलं, टिकवणीचा तक्ता, खर्च, लेबलचा फोटो. सीव्हीत "नावीन्यपूर्ण उत्पादनं विकसित केली" असलं वाक्य नको. "बाजरी 20 वरून 12 टक्के केली, मेटलाइज्ड पाउचमध्ये 90 दिवसांनी कंट्रोल खवट, बदललेला नमुना ठीक, खर्चात किलोमागे एवढा फरक" हे वाचलं की समोरचा माणूस मान वर करतो. आकडे अर्थात तुमच्या वहीतले हवेत.

आधीच्या नोकरीतली सूत्रं या फाइलीत घालू नका, टक्केवारी पुसूनसुद्धा नाही. गोपनीयतेचा करार मोडणारा माणूस उद्या आमचंही सूत्र बाहेर नेईल, हा विचार लगेच मनात येतो.

अर्ज कुठे करायचा? मोठ्या ब्रँडच्या जागा मोजक्या असतात आणि त्यातल्या बऱ्याच कॅम्पसवर भरतात. त्यांच्यासोबत ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या, अंधेरी-मुलुंडकडच्या फ्लेवर, मसाला, प्रीमिक्स, बेकरी इन्ग्रेडियंटच्या कंपन्या पाहा. दुसऱ्यांच्या ब्रँडसाठी माल बनवणारे कारखानेही पाहा. एएफएसटीआय या अन्नशास्त्रज्ञांच्या संघटनेचा मुंबई विभाग आणि पीएफएनडीएआय ही प्रथिनं-पोषणावर काम करणारी संस्था यांच्या व्याख्यानांना जा. तिथे व्हिजिटिंग कार्ड वाटत फिरू नका, फाइलमधला एखादा अडलेला प्रश्न घेऊन जा. प्रश्न चांगला असेल तर पुढची ओळख आपोआप होते.

मुलाखतीत बहुधा हे येतं: पदार्थ आधी कशाने बिघडेल? मीठ पाचव्या हिश्शाने कमी करायचं तर चव कशी सांभाळाल? किंमत दहा टक्के उतरवायची तर पहिला हात कशाला घालाल? काही ठिकाणी लॅबमध्ये नेऊन दोन नमुने पुढे ठेवतात आणि फरक लिहायला सांगतात. त्या दिवशी सकाळी भडक अत्तर आणि तिखट मिसळ टाळा.

## टप्पा 11: हो म्हणण्याआधी विचारायचे प्रश्न

लॅबमध्ये 500 ग्रॅमला जमलेलं 500 किलोला जसंच्या तसं जमत नाही. मोठ्या रोस्टरमध्ये धान्य बाहेर काढल्यावरही ढिगात आतून भाजत राहतं. गरम पीठ पाउचमध्ये गेलं तर आत वाफ धरते. हे शिकण्याची जागा म्हणजे प्लांट ट्रायल, आणि ती तळोजा, पालघर किंवा सिल्वासाला, लाइन मोकळी असेल तेव्हा, म्हणजे अनेकदा रात्री असते.

म्हणून नियुक्तिपत्रावर सही करण्याआधी तीन गोष्टी विचारा: ट्रायल घेताना मी स्वतः प्लांटवर असेन का, रात्रीच्या ट्रायलनंतर जाण्या-येण्याची सोय कंपनी करते का, आणि पहिल्या सहा महिन्यांत माझ्या नावावर एक तरी प्रकल्प असेल का. तिसऱ्याचं उत्तर "आधी सगळी कागदपत्रं शिकून घ्या" असं आलं, तर ती जागा डॉक्युमेंटेशनची आहे. पगार पटला तर जरूर घ्या, पण ओट्यावरची वही चालू ठेवा.